रोमँटसीच्या वाटेला जाताय? आधी वाचकांची मतं वाचायला शिका

एखादं गाजलेलं रोमँटसी पुस्तक, म्हणजे फॅन्टसीतलं जादूचं जग आणि रोमान्समधली प्रेमकथा एकत्र असलेलं पुस्तक, घ्यावं की नाही हे ठरवायला वाचकांच्या मतांची साइट गुडरीड्स उघडली की नवख्या माणसाची पंचाईत होते. वरच एक बाई लिहिते, तीन रात्री झोपले नाही, आता दुसरं काही वाचवतच नाही. तिच्या लगेच खाली कुणीतरी साठाव्या पानावर पुस्तक मिटून एक स्टार ठेवून गेलेलं असतं. पुस्तक एकच. आणि दोघांपैकी खोटं कुणीच बोलत नसतं.

मत देणारा माणूस पुस्तकात काय शोधायला आला होता हे आधी ओळखायचं, मग त्याचं मत आपल्या कामाचं आहे की नाही ते ठरवायचं. फॅन्टसी आणि रोमान्समध्ये हे फारच लागू पडतं, कारण या दोन प्रकारांचे वाचक वेगवेगळ्या सवयी घेऊन येतात आणि रोमँटसीत एकाच पुस्तकावर बोलत बसतात. म्हणून हा लेख पुस्तकांची यादी देत नाही. याद्या ढिगाने मिळतात. यादीखालची मतं कशी चाळायची ते इथे सांगतो.

पहिलं काम: स्वतःचा कल ओळखा

आतापर्यंत मनापासून आवडलेल्या तीन गोष्टींची नावं कागदावर लिहा. कुठल्याही भाषेतल्या चालतील, मालिका-सिनेमेही चालतील. मग अर्ध्यावर सोडलेली एक लिहा. प्रत्येकीपुढे फक्त एवढंच लिहा: पुढे काय होतंय हे मला कशासाठी हवं होतं? त्या दोघांचं जमतंय का, यासाठी? की ते राज्य कुणाच्या हाती जातंय, त्या शापामागे काय आहे, यासाठी?

पहिलं उत्तर जास्त वेळा आलं तर तुम्ही रोमान्सचे वाचक. अमेरिकेतल्या रोमान्स लेखकांच्या संघटनेने या प्रकाराची व्याख्या दोनच अटींवर केली आहे: प्रेमकथा मध्यभागी हवी, आणि शेवट समाधान देणारा, आशेचा हवा. त्यामुळे रोमान्सच्या वाचकाला 'शेवटी दोघं एकत्र येतात' हे आधी कळलं तर काही बिघडत नाही. उलट तसं झालं नाही तर तो चिडतो आणि एक स्टार देतो. दुसरं उत्तर आलं तर तुम्ही फॅन्टसीचे. पुस्तक उघडल्यावर आधी नकाशा बघणारे, जादूचे नियम पन्नासाव्या पानावर एक आणि तीनशेव्या पानावर दुसरेच निघाले की कपाळाला आठ्या घालणारे. तुम्हाला शेवट कुणी फोडला तर मात्र भांडण होईल.

रेबेका यारोस यांचं 'फोर्थ विंग' २०२३ च्या मे महिन्यात आलं. ड्रॅगनवर स्वार व्हायला शिकवणारी युद्धशाळा, तिथे जिवावर उदार होऊन टिकणारी नाजूक हाडापेराची नायिका, आणि शत्रुपक्षातला नायक. रोमान्सकडून आलेले वाचक म्हणतात की हातातून सुटत नाही, दोघांमधला ताण जबरदस्त. फॅन्टसीकडून आलेले म्हणतात की पात्रं आजच्या कॉलेजातल्या पोरांसारखी बोलतात आणि त्या जगाची माहिती ढेकळांनी येते. दोन्ही मतं बरोबर आहेत. त्याच वर्षी गुडरीड्सने आपल्या वार्षिक वाचक-पुरस्कारांत रोमँटसी हा वेगळा विभाग सुरू केला आणि तो याच पुस्तकाने जिंकला. पुरस्कार मतदानाने ठरतो, म्हणजे एवढ्या लोकांना पुस्तक आवडलं एवढंच त्यातून कळतं. तुम्हाला आवडेल का, हे त्यात कुठेच नाही.

मतांमधली बोली

या वाचकांची एक बोली आहे, आणि ती कळली नाही तर अर्धी मतं डोक्यावरून जातात. 'ट्रोप' म्हणजे कथेचा ओळखीचा साचा. 'एनिमीज टू लव्हर्स' म्हणजे आधी हाडवैर, मग प्रेम. 'स्लो बर्न' म्हणजे पहिला हात हातात यायलाच अडीचशे पानं लागणार, आणि त्याचीच मजा. 'फोर्स्ड प्रॉक्सिमिटी' म्हणजे परिस्थितीने दोघांना एकत्र कोंडणं. त्याचा लाडका उपप्रकार म्हणजे खाणावळीत एकच खोली, खोलीत एकच पलंग. 'ग्रम्पी-सनशाईन' म्हणजे एक कायम तोंड फुगवलेला आणि दुसरी कायम हसतमुख. 'इन्स्टालव्ह' हा शब्द बहुतेक वेळा तक्रार म्हणूनच येतो: भेटले, बघितलं, झालं प्रेम.

'डीएनएफ' म्हणजे पुस्तक अर्ध्यात सोडलं. 'टीबीआर' म्हणजे वाचायच्या पुस्तकांचा ढीग. 'एआरसी' म्हणजे प्रकाशनाआधी वाचायला दिलेली प्रत. हा शब्द लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. 'स्पाईस' म्हणजे शृंगाराची वर्णनं किती उघड आहेत ते, आणि ते लोक मिरच्यांच्या चित्रांनी मोजतात. 'एचईए' म्हणजे सुखान्त. 'एफएमसी' म्हणजे नायिका, 'एमएमसी' नायक.

साच्यांची नावं वाचून नाक मुरडू नका. 'एनिमीज टू लव्हर्स' मला आवडत नाही, एवढं कळलं तरी दुकानातली निम्मी टेबलं तुमच्यासाठी मोकळी झाली.

स्टार बघताना

गुडरीड्सच्या हिशेबात दोन स्टार म्हणजे इंग्रजीत 'ठीक होतं' अशा अर्थाचा शेरा. तीन म्हणजे आवडलं. आपल्याकडे मात्र तीन स्टार म्हणजे कसाबसा पास, अशी समजूत. काहीजण साइटच्या शेऱ्याप्रमाणे स्टार देतात, काहीजण शाळेतल्या मार्कांप्रमाणे, आणि काहीजणी आवडत्या लेखिकेला पाचाखाली काही देतच नाहीत. या सगळ्यांची सरासरी म्हणजे काय, हे देवालाच ठाऊक. बहुतेक लोकप्रिय पुस्तकांची सरासरी ३.५ ते ४.५ च्या मध्येच घुटमळते, त्यामुळे ३.९ सोडून ४.१ घेणं याला काही अर्थ नाही.

सरासरीपेक्षा तिच्याखालच्या पट्ट्या बघा. पाच स्टारांचा पट्टा लांब, चारांचा त्याहून थोडा आखूड आणि खाली उतरता क्रम, म्हणजे सर्वसाधारण आवडलेलं पुस्तक. पण पाचांचा पट्टा लांब आणि एका स्टारचाही बऱ्यापैकी जाड दिसला, तर पुस्तकात असं काहीतरी आहे ज्यावर वाचक दोन टोकांना जातात. ते काय आहे ते शोधल्याशिवाय पैसे टाकू नका.

मालिकेच्या बाबतीत आणखी एक गोष्ट. दुसऱ्या-तिसऱ्या भागाची सरासरी पहिल्यापेक्षा जास्त दिसली म्हणून लेखिका सुधारली असं लगेच धरू नका. पहिला भाग ज्यांना आवडला नाही ते पुढे वाचतच नाहीत. मागे उरतात ते चाहते, आणि चाहते स्टार देताना हात आखडत नाहीत.

ॲमेझॉनवरच्या मतांमध्ये तर वेगळीच भेसळ असते. एक स्टारची मतं उघडून बघा: कव्हरचा कोपरा दुमडलेला आला, कागद पातळ आहे, डिलिव्हरी चार दिवस उशिरा, छपाई पुसट म्हणजे प्रत पायरेटेड असावी. यातलं शेवटचं मत उपयोगाचं आहे, कारण या प्रकारातल्या गाजलेल्या पुस्तकांच्या नकली प्रती भरपूर फिरतात. बाकीच्यांचा कादंबरीशी संबंध नाही.

खरा माल तीन स्टारांमध्ये

पाच स्टारवाल्यांना पुस्तकाचे दोष दिसत नाहीत, एक स्टारवाल्यांना गुण. मधला माणूस दोन्ही सांगतो. म्हणून आधी तीन स्टारची गाळणी लावा. समजा, तिथे असं एक मत सापडलं (हे मी नमुन्यादाखल रचलंय, पण अशी शेकड्याने सापडतील):

'पहिली दीडशे पानं रेटत वाचली. नावं लक्षात राहत नाहीत आणि सगळा इतिहास एका दमात सांगितलाय. अर्ध्यानंतर मात्र दोघांचं काय जमून आलंय! भांडणं झकास. हिरो दर दोन पानांनी भुवई उंचावतो, मोजायचं सोडून दिलं. शेवट अधांतरी. दुसरा भाग हातात असल्याशिवाय सुरू करू नका.'

आता एकेक वाक्य सुटं करा. 'पहिली दीडशे पानं रेटत': सुरुवात संथ आहे. संथ वाचन चालत असेल तर ही तक्रार सोडून द्या, पण वाचन फक्त लोकलमधल्या पाऊण तासात होत असेल तर गंभीरपणे घ्या. 'नावं लक्षात राहत नाहीत': जग मोठं आहे, घराणी बरीच आहेत. फॅन्टसीच्या वाचकाला ही तक्रार ऐकून कदाचित भूकच लागेल. 'अर्ध्यानंतर जमून आलंय': स्लो बर्न. 'भांडणं झकास': संवाद चांगले, आणि मत देणारी रोमान्सकडून आलेली दिसते. 'भुवई उंचावतो': भाषेत तेच तेच येतं. भाषेबद्दल चोखंदळ असाल तर हे एक वाक्य पुस्तक खाली ठेवायला पुरेसं आहे, माझ्यासाठी असतं. 'शेवट अधांतरी': ही पसंतीची बाब नाही, निव्वळ माहिती आहे, आणि तिचे पैसे पडतात, कारण आता दोन पुस्तकं घ्यावी लागणार.

तक्रारी अशा वाचल्या की गंमत होते. कुणी चिडून लिहिलेलं 'सगळं पुस्तकभर नुसतं दरबारी राजकारण, प्रेमकथा नावापुरती' हे वाक्य दुसऱ्या कुणासाठी जाहिरात ठरतं. उडप्याकडे बिर्याणी मिळाली नाही म्हणून रागावलेल्या माणसाने डोशाबद्दल काहीच सांगितलेलं नसतं.

तीन स्टारची पाचसहा मतं वाचली की मग एक स्टारची दोन-तीन वाचा. एकच तक्रार चार वेगवेगळ्या माणसांनी वेगवेगळ्या शब्दांत केली असेल तर ती खरी धरायला हरकत नाही.

मालिका असेल तर

फॅन्टसीत सुटी कादंबरी कमीच. पहिला भाग घेण्याआधी तीन गोष्टी बघा: किती भाग ठरलेत, किती आलेत, आणि आलेल्या भागांचा शेवट तुटक आहे का. जॉर्ज मार्टिन यांच्या, 'गेम ऑफ थ्रोन्स'वाल्या मालिकेचा पहिला भाग १९९६ चा, पाचवा २०११ चा, आणि सहाव्याची वाट वाचक अजून बघतायत. 'व्हील ऑफ टाइम'चे लेखक रॉबर्ट जॉर्डन २००७ साली गेले आणि मालिका ब्रँडन सँडरसन यांनी २०१३ मध्ये पूर्ण केली. असे अनुभव गाठीशी असल्यामुळेच बरेच जुने वाचक मालिका पूर्ण झाल्याशिवाय हात लावत नाहीत, आणि अपुऱ्या मालिकेवर रागाने स्टार कापतात. तो राग लेखकाच्या उशिराबद्दल असतो. हातातल्या भागाचा त्यात दोष नसतो.

'पहिला भाग कसाबसा ढकला, खरी मजा दुसऱ्यापासून' हा सल्ला तुम्हाला हमखास मिळणार. सारा जे. मास यांच्या, २०१५ साली सुरू झालेल्या 'अ कोर्ट ऑफ थॉर्न्स अँड रोझेस' या मालिकेबद्दल तर तो फारच ऐकू येतो. सल्ला प्रामाणिक असतो, पण माझं मत विचाराल तर चारशे पानं केवळ भविष्यातल्या मजेसाठी वाचायला आपण काही परीक्षेला बसलेलो नाही. शंभर पानांत एकाही पात्रात जीव गुंतला नाही तर सोडा.

मिरच्या आणि वय

घरातल्या तेरा-चौदा वर्षांच्या मुलीसाठी पुस्तक बघत असाल तर हा भाग नीट वाचा. कव्हरवर विश्वास ठेवू नका. सध्याच्या रोमान्सवर गोड, रंगीत, कार्टूनसारखी चित्रं असतात आणि आत बंद खोलीतली सविस्तर वर्णनं. ड्रॅगन दिसला म्हणून लहान मुलांचं, हाही गैरसमज. वर उल्लेख केलेली मास यांची मालिकाच सुरुवातीला किशोर-युवा विभागात विकली गेली आणि २०२० मध्ये प्रकाशकाने नव्या कव्हरांसह ती प्रौढांसाठी म्हणून आणली. दरम्यानच्या वर्षांत दुकानांनी ती कुठल्या फळीवर ठेवली असेल, याचा विचार करा.

मिरच्यांची मोजणी माणसागणिक बदलते. नेहमी तिखट वाचणारीच्या दोन मिरच्या तुमच्या मते चार असू शकतात. त्यापेक्षा मतांमध्ये 'क्लोज्ड डोअर' हे शब्द शोधा. म्हणजे दार लागलं की प्रकरण संपतं. स्टोरीग्राफ या साइटवर वाचक मजकुराविषयीचे इशारे नोंदवतात: हिंसा, आत्महत्या, जबरदस्ती वगैरे, आणि त्या सौम्य आहेत की ठळक तेही. तिथे पुस्तक संथ की वेगवान, कथानकावर चालतं की पात्रांवर, हेही वाचकच सांगतात, आणि पाव स्टारही देता येतो. नवख्याने गुडरीड्सच्या जोडीला ही साइट बघावीच. मुलांसाठी असेल तर मी इशाऱ्यांवरही थांबणार नाही. मधलं कुठलंही प्रकरण उघडून स्वतः चार पानं वाचून बघेन.

कुठे सावध राहायचं

पुस्तक अजून बाजारात आलेलं नाही आणि त्यावर शेकडो स्टार दिसतायत? काही एआरसीवाल्यांचे असतात. प्रत फुकट मिळाली म्हणून मत विकलं गेलं असं नाही, आणि अशी प्रत मिळाल्याचं ते सहसा लिहितातही. पण ती प्रत मागणारी मंडळी मुळात त्या लेखिकेची चाहती असतात, त्यामुळे पहिल्या आठवड्यातली मतं गोडच लागतात. मतं तारखेनुसार लावा आणि चार-सहा महिन्यांनंतरची वाचा. तोवर गाजावाजा ऐकून आलेले बाहेरचे वाचक पोचलेले असतात.

काही स्टार मात्र सरळसरळ खोटे असतात. २०२३ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेत फॅन्टसीतल्या एका नवोदित लेखिकेने खोटी खाती काढून आपल्यासारख्याच इतर नवोदितांच्या पुस्तकांना एकेक स्टार दिल्याचं उघड झालं. प्रकाशकाने तिचं पुस्तक काढणंच रद्द केलं. एका ओळीचं मत, कथेतला एकही तपशील नाही, खात्यावर बाकी काही वाचल्याची खूण नाही: असं दिसलं की पुढे सरका.

रील्सवरच्या शिफारशी मी मत म्हणून धरतच नाही. त्या पुस्तकाची ओळख करून देतात, चांगल्या करतात, पण पंधरा सेकंदांत रडून दाखवणाऱ्या माणसाला मध्यंतर कंटाळवाणं होतं का हे सांगायला वेळ नसतो.

मराठीत वाचत असाल तर

प्रतिलिपी या कथांच्या ॲपवर मराठी प्रेमकथांच्या मालिका भागाभागाने येतात आणि मत प्रत्येक भागाखाली पडतं. तिथला सूर वेगळा. लेखिका समोरच असते, उत्तरही देते, त्यामुळे 'खूप सुंदर भाग, पुढचा लवकर टाका ताई' हाच राग सगळीकडे. अशा ठिकाणी स्टारांवरून काही कळत नाही. पहिल्या पाच भागांखालचं कौतुक सोडा, तीस-चाळीसाव्या भागाखाली जा. 'अजून किती रडवणार तिला', 'कथा पुढेच सरकत नाहीये', 'मागच्या भागात तर तो दिल्लीला गेला होता ना' अशा प्रतिक्रिया वाढल्या असतील तर मालिका ताणली जातेय. आणि एवढ्या पुढेही लोक पात्रांच्या वतीने एकमेकांशी वाद घालत असतील, तर त्या लेखिकेच्या हातात काहीतरी आहे.

अद्भुत आणि प्रेम यांचं मिश्रण मराठीला परकं नाही, हे जाता जाता. लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची 'मुक्तामाला' ही अद्भुतरम्य कादंबरी १८६१ ची. तिच्यावर त्या काळी कुणी स्टार दिले नाहीत, पण सार्वजनिक वाचनालयातल्या कुठल्याही जुन्या कादंबरीचं शेवटचं पान उघडा, पेन्सिलीने लिहिलेलं 'बकवास, वेळ फुकट' आणि त्याखाली दुसऱ्या अक्षरात 'तुम्हाला कळली नाही' हे सापडतंच.

आपला माणूस शोधा

या सगळ्या खटाटोपाचा खरा उपयोग एवढाच की त्यातून तुम्हाला दोन-तीन वाचक सापडावेत, ज्यांची आवड तुमच्याशी जुळते. जॅनिस रॅडवे या अभ्यासिकेचं 'रीडिंग द रोमान्स' हे पुस्तक १९८४ साली आलं. अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागातल्या एका गावातल्या रोमान्स वाचणाऱ्या बायकांशी त्यांनी बोलून ते लिहिलं. त्या बायकांचा सगळा भरवसा पुस्तकाच्या दुकानात काम करणाऱ्या डॉट नावाच्या बाईवर. हे तिचं बदललेलं नाव. नवी पुस्तकं ती आधी वाचायची, आणि कोणतं घ्यावं, कोणत्यावर पैसे घालवू नयेत, हे आपल्या पत्रकातून कळवायची. क्रूर नायक, जबरदस्ती, दुःखी शेवट गिऱ्हाइकांना नको आहे हे तिला पक्कं ठाऊक होतं. काही बायका तर घेण्याआधी शेवट वाचून खात्री करून घेत.

तुमची डॉट अशी शोधा. आवडलेल्या पुस्तकाच्या पानावर जा, तुमच्या मनातलंच बोलणारं मत शोधा, आणि त्या माणसाच्या खात्यात शिरून त्याने कशाला दोन स्टार दिलेत ते बघा. आवडीपेक्षा नावडी जुळल्या की माणूस जास्त भरवशाचा. उलटं नातंही चालतं: जिला आवडलेलं तुम्हाला कधीच आवडत नाही, अशी एखादी वाचक सापडली तर तिलाही फॉलो करा.

एवढं झाल्यावर किंडलचा फुकट नमुना उतरवून घ्या आणि पहिली दोन प्रकरणं वाचा. नमुन्यात भाषा कळते, नायिकेचा आवाज कळतो. पुढे कथा कशी वळते ते कळत नाही. त्यासाठी तीन स्टारवाले आहेतच.

आणि तुमचं मत

वाचून झालं की दोन-चार ओळी तुम्हीही टाका. तुम्ही कशाच्या शोधात आला होतात ते पहिल्या ओळीत लिहा: 'मी सहसा रहस्यकथा वाचते, प्रेमकथा क्वचित' एवढं पुरतं. कोण मरतं, कोण फितूर निघतं, हे स्पॉयलरच्या खुणेखाली झाका. अर्ध्यात सोडलं असेल तर कितव्या पानावर आणि का, ते सांगा. स्टार न देता नुसतं लिहिलं तरी चालतं. पुस्तक आवडलं नसेल तर तुमच्या पोस्टमध्ये लेखिकेला टॅग करू नका. तसं करणं या मंडळींत उद्धटपणा समजला जातो. आवडलं असेल तर खुशाल करा.